तांड्याचं मीठ

"मामा, पूल तोडा!" समशेर माझ्या कानात ओरडला. "विचार कसला करताय? तोडा!"

"थांब की जरा. वाचतोय."

"वाचायचंय काय त्यात? वरचं पहिलं दाबा!"

"मी वाचल्याशिवाय अंगठा लावत न्हाई," मी म्हणालो.

त्याला ते उर्मटपणाचं वाटलं असणार. पण साठी उलटेपर्यंत मी न वाचताच अंगठा देत आलो होतो. सोसायटीत दिला, दवाखान्यात दिला, पोराच्या शाळेत दिला. समोरचा बोट ठेवील तिथं शाईचा अंगठा टेकवायचा आणि धोतराला पुसून मोकळं व्हायचं. आता अक्षरं ओळखीची झाली होती. तेवढी ऐट मी करणारच.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या रविवारी दुपारी मी सांगलीत, आमच्या घरी, लोखंडी कॉटवर पाय लांब करून बसलो होतो. डोक्यावर टोपी, टोपीवरून हेडफोन, मांडीवर उशी आणि उशीवर सुनेचा टॅब. टॅबमध्ये डोंगर होता, डोंगरातून जाणारी दरी होती, दरीवर वेलींचा झुलता पूल होता आणि पुलाच्या अलीकडे काठी घेऊन मी उभा होतो.

मी केरबा ऐवळे. हळदीच्या बाजारात हमालांच्या टोळीत जन्मभर पोती वाहिली. गुडघे गेले तसा घरी बसलो. पोरगा ट्रकवर, आठवड्यातून एकदा तोंड दाखवणार. घरात मी आणि सून, शुभदा. ती शिवणकाम करायची. दिवसभर मी तिच्या मशिनीकडे बघतोय आणि उसासे टाकतोय, हे तिला सहन होईना. तिनं मला पाटी आणून दिली. अक्षरं जुळायला लागल्यावर पेपर हातात दिला. पेपर वाचताना मला झोप लागायची. मग एक दिवस तिनं टॅब पुढं ठेवला.

"मामा, हा गेम आहे. 'नऊ घाट' नाव. मी खेळते कधीकधी. सगळं मराठीत लिहिलेलं आहे. समोरचं माणूस काय बोलतंय ते वाचायचं आणि काय उत्तर द्यायचं ते निवडायचं. न वाचता पुढं जाताच येणार नाही."

"म्हणजे झोपायची सोय न्हाई?"

"नाही."

गेम असा होता. समुद्राकाठच्या मिठागरातून मीठ भरायचं, जनावरांच्या पाठीवर लादायचं आणि एकेक घाट चढत वर देशावर न्यायचं. एकट्यानं जायचं नाही, तांडा करायचा. तांड्यातली माणसं आपापल्या घरी बसलेली, पण गेममध्ये एका वाटेवर चालणारी. कुणी तलवारवाला, कुणी तिरंदाज, कुणी वैदू. एक वाटाड्याही लागायचा. त्याला हत्यार नाही, नुसती काठी आणि पाठीवर पोतं. ते काम कुणालाच नको असायचं. मी पहिल्या दिवशी तेच घेतलं. बाकीचं शिकावं लागलं असतं.

शुभदानं एक गोष्ट बजावून सांगितली होती. "इथं एकदा निवडलं की निवडलं. मागं फिरता येत नाही. मेलेला माणूस परत येत नाही."

मला हे फार आवडलं. बाजारात मुकादम म्हणायचा उचल, की उचलायचं. तुला काय वाटतं, असं मला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. इथं पावलापावलाला विचारत होते. म्हातारी पाणी मागतेय, देणार का? चोर सापडलाय, सोडणार का बांधणार? मी एकेक ओळ मोठ्यानं वाचायचो आणि मग अंगठा लावायचो. बाकीच्यांचा जीव जायचा.

बाकीचे म्हणजे तिघं. समशेर तलवारवाला, आमचा म्होरक्या. कुठल्या वाटेनं जायचं, कधी मुक्काम करायचा, तो ठरवायचा. तापट, पण हात सढळ. माझा हेडफोन खरखर करतो म्हणून त्यानं नाशिकहून नवा पाठवून दिला होता. दुसरी मैना, तिरंदाज. ही लातूरची शबाना, नर्सिंगला शिकणारी, तोंडाला कुलूप नसलेली. आणि तिसरा झुंबर, वैदू. तो फारसा बोलायचा नाही. कुणाला जखम झाली की येऊन पाला लावायचा. झुंबरची एकच अडचण होती. त्याचं नेट मध्येच जायचं. चालता चालता तो पुतळ्यासारखा उभा राहायचा आणि आम्हाला थांबावं लागायचं. समशेर म्हणायचा, "कंजूष आहे हो. चांगला रिचार्ज मारत नाही." झुंबर कधी उलटून बोलला नाही. आला की म्हणायचा, "आलो. चला."

शुभदा मागून 'मामा' म्हणते ते त्या तिघांना ऐकू जायचं, म्हणून मी सगळ्यांचाच मामा झालो.

तर त्या रविवारी आम्ही आठवा घाट उतरलो होतो. पुढं दरी, दरीपलीकडे नववा घाट. गेम निघाल्यापासून नववा घाट कुणी चढलं नव्हतं. जो तांडा पहिल्यांदा मीठ घेऊन वर पोचेल त्याची नावं तिथल्या दगडावर कोरली जाणार होती, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसणार होती. अमरावतीचा एक तांडा आमच्या मागं होता. जवळच होता. समशेरनं कामावर रजा टाकून घाटाचे नकाशे पाठ केले होते.

आम्ही तिघं जनावरांसकट पूल ओलांडून आलो. झुंबर पलीकडे राहिला. पुलाच्या तोंडाशी आला आणि पुतळा झाला.

"गेलं याचं नेट," शबाना म्हणाली. "आता बगा, मुहूर्त साधला की ओ भावानं."

तेवढ्यात पलीकडच्या उतारावर धूळ उठली. लुटारू. एवढे की मोजत बसण्यात अर्थ नव्हता. समशेरची तलवार आणि शबानाचे बाण त्यांना पुरणारे नव्हते. आणि मग गेमनं सगळ्यांची हालचाल थांबवली आणि माझ्यापुढं अक्षरं आणली. निर्णय म्होरक्याचा नव्हता, वाटाड्याचा होता. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. वाटाड्या होऊन इथवर कुणी आलंच नव्हतं.

मी वाचायला लागलो. "वा-टा-ड्या, वाट तुझी आहे. सांग. पूल तोडायचा? थांबून लढायचं? की मीठ देऊन वाट मागायची?"

"पहिलं!" समशेर म्हणाला.

"पूल तोडला तर झुंबरचं काय?"

"जाईल तो."

"जाईल म्हंजे?"

"मरेल, मामा. गेममध्ये. नवीन नाव घेऊन पुन्हा सुरू करेल पहिल्यापासून. काय बिघडलं? आपण तिघं पोचतो ना!"

"शबाना?"

"मला कशाला विचारताय?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "निर्णय तुमचाय."

"मी जाऊन त्याला पाठीवर घेऊन येतो," मी म्हणालो. "पोतं टाकतो आणि त्याला उचलतो."

"माणूस उचलता येत नाही! तशी सोयच नाही गेममध्ये. मामा, ते पुलाजवळ आलेत!"

माणूस उचलता येत नाही, आणि मीठ मात्र उचलता येतं. मला मौज वाटली. मी तिसरी ओळ पुन्हा एकदा वाचली. काना, मात्रा, सगळं नीट बघितलं. मीठ देऊन वाट मागायची. वाचून झालं आणि अंगठा टेकवला.

"मामा!" समशेर किंचाळला.

गेम पुन्हा हलायला लागला. लुटारू पूल ओलांडून शांतपणे आले. झुंबरच्या अंगाला अंग घासून आले, पण त्याला कुणी हात लावला नाही. त्यांनी आमच्या जनावरांचे दोर सोडले. पोत्यांसकट जनावरं घेऊन गेले. माझ्या पाठीवरचं पोतंही गेलं.

"माझी खेचरं पण नेली की!" शबाना म्हणाली. ती हसतेय का रडतेय कळेना. "मामा, काय केलंत ओ!"

समशेरचा नुसता श्वास ऐकू येत होता.

आणि मग पलीकडचा पुतळा हलला. झुंबर पूल ओलांडून आमच्यात आला. आवाजाला धाप लागलेली. "आलो. चला." मग थांबला. "मीठ कुठंय?"

"गेलं," समशेर म्हणाला. "तुझ्यापायी गेलं. मामांनी तुझ्यासाठी लुटारूंना वाटून टाकलं. समाधान झालं?"

"माझ्यासाठी?" झुंबर म्हणाला. "मी कुणाजवळ मागितलं होतं?"

"अरं, तसं न्हवं—" मी म्हणालो.

"मामा, तोडायचा होता ना पूल. मी काय एवढा मोठा लागून गेलो? आता जन्मभर हे म्हणणार, झुंबरपायी गेलं."

मग पडद्यावर एक ओळ आली. मी ती नेहमीसारखी मोठ्यानं वाचली आणि वाचून झाल्यावर मला तिचा अर्थ लागला. झुंबर तांड्यातून बाहेर पडला आहे.

तासाभरानं दुसरी ओळ आली, तीही वाचली. समशेर तांड्यातून बाहेर पडला आहे.

शबाना परीक्षा आहे म्हणाली आणि गेली. अमरावतीचा तांडा त्याच संध्याकाळी नवव्या घाटावर पोचला.

शुभदा मशिनीवरून उठून आली. "मामा, कसंसं वाटतंय का?"

"न्हाई."

"मग असे काय बसलाय?"

"पुन्हा निवडायला सांगितलं तर हेच निवडीन. पण माझी टोळी गेली, शुभदा." मी टोपी काढली. "बाजार सुटल्यापासनं हीच एक टोळी होती."

झुंबरला फोन लावून बघितला. लागायचाच नाही. समशेरचा लागायचा, पण तो उचलायचा नाही. दर रविवारी मी गेम उघडायचो. तांडा मोडल्यामुळं पुन्हा पहिल्या गावात, मिठागराच्या काठी, माझा वाटाड्या एकटाच उभा असायचा. इतर तांडे शेजारून निघून जायचे. एकदोघांनी विचारलं, येता का आमच्यात? मी म्हणालो, माझी माणसं यायचीत.

पावसाळा सरला. एका रविवारी सकाळी दारात एक गृहस्थ आले. टक्कल, सुटलेलं पोट, खांद्याला बॅग. चप्पल न काढताच म्हणाले, "केरबा ऐवळे इथेच राहतात?"

चेहरा अनोळखी, पण आवाज महिनोन् महिने माझ्या कानात राहिलेला.

"शुभदा," मी हाक मारली, "चहा टाक. समशेर आलाय."

"मी चहा प्यायला आलो नाही," तो म्हणाला. "भांडायला आलोय. फोनवर मला राग आवरला नसता."

"मग बसून भांड. गुडघं दुखत्यात माझं, उभ्यानं न्हाई जमायचं."

तो बसला. समशेरचं नाव मुकुंद होतं. विम्याच्या ऑफिसात होता. रात्रभर एसटीत बसून आला होता. बॅगेत एक टॉवेल आणि एक शर्ट. मला हसू येत होतं, पण मी आवरलं.

"तुम्ही मीठ दिलंत," तो म्हणाला.

"दिलं."

"ते तुमच्या एकट्याचं होतं का?"

"न्हवतं."

"मग कुणाला विचारून दिलंत?"

"कुणालाच न्हाई."

"विचारायला नको होतं?"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"देऊ नका म्हणालो असतो."

"मग झालं तर. तुझं उत्तर मला ठाऊक होतं, शबाना गप्प होती, आणि झुंबर पुतळा. विचारायचं कुणाला?"

शुभदा आत फिस्सकन हसली. मुकुंद चिडला.

"अहो मामा, गेम आहे तो! झुंबर काय खरा मरणार होता?"

"आणि मीठ खरं होतं व्हय?"

त्यानं टकलावरून हात फिरवला.

"दगड तरी खरा होता का?" मी म्हणालो. "गेमच हाय म्हणतोस, तर नाशिकहून इथवर रात्रभर जागत कशाला आलास, बाबा?"

त्यानं चहाचा कप घेतला. थोडा चहा बशीत ओतला.

"मुलीला सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "चौथीत आहे. म्हटलं होतं, बाबाचं नाव दगडावर येणार, आणि मग कुणीही आलं तरी पहिलं बाबाचं नाव वाचणार. ती शाळेत सांगून आली." तो ओशाळं हसला. "तिला अमरावतीचे दगडावर आले हे कसं सांगायचं?"

मला वाईट वाटलं. पोरीला सांगितलेली गोष्ट लहान नसते. पण त्यासाठी मी अंगठा मागं घेणार नव्हतो.

"मुकुंदा, आमच्या टोळीची एक रीत होती," मी म्हणालो. "गाडी खाली करताना डोक्याला फडकं बांधत्यात, बघितलंयस ना? आपलं शेवटचं पोतं टाकून मोकळा झालेला माणूस फडकं सोडायचा न्हाई. घामानं डोकं उकडलं तरी सोडायचा न्हाई. टोळीतल्या शेवटच्या माणसाच्या पाठीवरनं पोतं उतरलं, की मग सगळ्यांनी एकदम सोडायचं."

"का?"

"ओझ्याखालच्या माणसाला मान वळवता येत न्हाई. समोर दिसंल तेवढंच दिसतं. समोरच्यांची फडकी बांधलेली दिसली, की त्याला वाटतं काम चालू हाय, आपण मागं न्हाई पडलो. सोडलेली दिसली की त्याचा पाय घसरतो. आम्ही तसा पाय घसरलेला बघितला होता, तवापासनं ही रीत."

मुकुंदनं कप खाली ठेवला. "आणि मी त्याला म्हणालो, तुझ्यापायी गेलं."

"म्हणालास."

"तुम्ही बोललात का त्याच्याशी?"

"फोन लागत न्हाई त्याचा. आज तू लावून बघ."

"माझा उचलेल?"

"लागला तर."

त्यानं लावला. लागला नाही. परत लावला. परत. शुभदा पोहे घेऊन आली, त्यानं एका हातानं खात दुसऱ्या हातानं फोन लावणं चालूच ठेवलं. दुपार झाली. जेवणं झाली. मला डुलकी लागली. जागा झालो तर हा आपला खिडकीशी उभा, फोन कानाला. आणि एकदम त्यानं हात वर केला. आवाज मोठा करून त्यानं फोन कॉटवर, माझ्याजवळ ठेवला.

"कोण?" झुंबरचाच आवाज. धापा टाकत होता.

मुकुंद फोनवर वाकला. म्हणाला, "समशेर."

पलीकडे नुसती धाप. मग, "बोला."

"काय करतोयस?"

"टेकडी चढतोय."

"टेकडी? कशाला?"

"रेंजला. खाली आश्रमशाळेत कुठं रेंज? मी स्वयंपाकी आहे इथं, अकोले तालुक्यातल्या डोंगरात. रविवारी पोरांची जेवणं उरकली, भांडी लागली, की टेकडी चढतो. वर कातळ आहे, त्याच्यावर उभं राहिलं की जरा मिळते."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. आता तांडा नाही, पण पायाला सवय लागली ना. अर्ध्या वाटेत कधी कधी रेंजची एखादी काडी येते, तसा तुमचा फोन लागला बघा."

मुकुंद माझ्याकडे बघत होता. मी फोनकडे बोट दाखवलं.

"त्या दिवशी," मुकुंद म्हणाला, "पुलाशी... तू थांबलास ते..."

"थांबलो कुठं? ढग आला, रेंज गेली. मी फोन धरून आणखी वर पळालो, पार सुळक्याच्या टोकाला. तिथं मिळाली. तोवर तुमचं मीठ गेलेलं." त्यानं दम घेतला. "रागावलो नव्हतो मी समशेरभाऊ. लाज वाटली. मामा कसे आहेत?"

"इथंच हाय," मी म्हणालो. "ऐकतोय."

"मामा!" तो ओरडला, आणि पुढं बोलायचंच विसरला.

मुकुंदनं उशीवरचा टॅब उचलला. त्याला विचारावं लागलं नाही, सगळं त्याला पाठच होतं. मग झुंबरचा फोन चालू ठेवूनच, आपल्या फोनवरून, मिठागराच्या काठी माझ्या वाटाड्याशेजारी त्यानं आपला तलवारवाला उभा केला. शबानाला निरोप टाकला. तिची परीक्षा कधीच संपली होती. पोती भरली, दोर आवळले. दोन मिनिटांत तीही आली आणि आल्या आल्या खेचरांवरून भांडायला लागली. खाली नेहमीची ओळ उमटली. मी मोठ्यानं वाचली: "तांडा तयार आहे. निघायचं का?"

मुकुंदनं अंगठा पुढं नेला. मग टॅब पालथा करून कॉटवर ठेवला.

"झुंबर, अजून किती चढायचं राहिलंय?" त्यानं फोनमध्ये विचारलं.

"निम्मं असंल. थांबा, पळतो."

"पळू नकोस," मुकुंद म्हणाला आणि भिंतीला पाठ टेकून बसला. "दम खात ये. शुभदाताई, आणखी एकदा चहा टाकता का?"